वारसाचे पैसे, पडून राहिलेली खाती आणि त्यांच्या नावाने येणारे फोन: नाशिककरांसाठी धागा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हल्ली तब्येतीच्या खालोखाल एकच विषय निघतो. "तुमच्या यजमानांच्या नावावर रक्कम पडून आहे, वारस म्हणून ती तुम्हाला मिळणार आहे, फक्त प्रक्रिया शुल्क भरा" असा फोन. कुणाला बँकेच्या नावाने येतो, कुणाला विमा कंपनीच्या, तर कुणाला थेट रिझर्व्ह बँकेच्या. मी बँकेत नोकरी केली आणि त्यातला मोठा काळ मयत खातेदारांचे दावे निकाली काढण्याच्या टेबलावर गेला. त्यामुळे या विषयाबद्दल जे पक्कं माहीत आहे ते इथे मांडतो. बाकीच्यांनी भर घालावी.

हे फोन लोकांना पटतात, कारण त्यांतलं अर्धं खरं असतं. पैसे खरोखरच पडून आहेत. मार्च २०२४ अखेर रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा झालेल्या दावा न केलेल्या ठेवींचा आकडा ७८,२१३ कोटी रुपये होता. त्यात नाशिकच्या कितीतरी घरांचे पैसे असणार. नोटांच्या प्रेसमधून किंवा ओझरच्या एचएएल विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाने बदलीच्या गावी उघडलेलं खातं, मुलीच्या लग्नासाठी ठेवून विसरलेली मुदत ठेव, पत्ता बदलल्यामुळे परत गेलेले लाभांशाचे चेक. हे सगळं घडतं.

म्हणूनच घरच्या म्हाताऱ्या माणसांना "असले फोन खोटे असतात, लक्ष देऊ नकोस" एवढंच सांगून भागत नाही. आईला पक्कं आठवत असतं की ह्यांचं मनमाडला एक खातं होतं. मुलगा उडवून लावतो, मग ती दुपारी घरात कुणी नसताना त्याच नंबरवर परत फोन लावते. माझं कळकळीचं सांगणं आहे की फोन कापा, पण विषय सोडू नका. त्याच आठवड्यात आईला शेजारी बसवून खरा शोध घ्या. तो कसा घ्यायचा ते सांगतो.

बचत किंवा चालू खात्यात २ वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही की ते निष्क्रिय होतं. १० वर्षं तसंच राहिलं, किंवा मुदत ठेव मुदत संपल्यावर १० वर्षं कुणी मागितली नाही, की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत भरते. हा निधी २०१४ पासून आहे. रक्कम तिकडे गेली म्हणजे बुडाली असं मुळीच नाही. खातेदार किंवा वारस केव्हाही मागू शकतो, आणि मागायची ती आपल्या बँकेकडेच. बँक आपल्याला पैसे देते आणि नंतर निधीतून वसूल करते. वारसाचा रिझर्व्ह बँकेशी थेट संबंध येतच नाही. त्यामुळे "रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, तुमची रक्कम सोडायची आहे" हे वाक्य कानावर पडलं की पुढचं ऐकायची गरज नाही.

शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. पत्ता उद्गम डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. त्यावर ३० बँका आहेत आणि दावा न केलेल्या ठेवींच्या रकमेपैकी सुमारे ९० टक्के रक्कम त्यांच्याकडची आहे. खातेदाराचं नाव, बँक आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख यांपैकी एखादी गोष्ट टाकली की नोंद असल्यास दिसते आणि एक संदर्भ क्रमांक मिळतो. तो घेऊन शाखेत जायचं. उद्गमवर फक्त शोध होतो, पैसे तिथून मिळत नाहीत, आणि शोधाला एक रुपयाही लागत नाही.

---

सिडकोची_लेक

काका, अगदी वेळेवर धागा काढलात. आमच्या आईला आलेला प्रकार तपशिलात लिहिते, म्हणजे कुणाला ओळखता येईल.

बाबांना जाऊन वर्ष व्हायच्या आत फोन आला. बोलणारा माणूस शुद्ध मराठी बोलत होता, आईला "काकू" म्हणत होता. बाबांचं पूर्ण नाव, ते कुठून निवृत्त झाले, आम्ही किती भावंडं, हे सगळं त्याला ठाऊक होतं. आईला वाटलं, एवढं माहीत आहे म्हणजे कार्यालयातलाच माणूस. मला नंतर लक्षात आलं की यातला शब्द न् शब्द आम्ही वर्तमानपत्रात दिलेल्या निधनवार्तेत होता. "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुली, जावई, नातवंडे असा परिवार आहे." फोन नंबर त्यांनी प्रथम पुण्यस्मरणाच्या पत्रिकेवरून घेतला असावा. ती पत्रिका आम्हीच सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकली होती.

मग पीडीएफ आली. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, मध्ये बाबांचं नाव आणि लाखांतली रक्कम पैशांपर्यंत, म्हणजे शेवटी "४७ पैसे" असं. त्या ४७ पैशांनी आईचा विश्वास बसला. खोटं पत्र लिहिणारा पैशांपर्यंत कशाला जाईल, असं ती म्हणाली. मी मात्र वाचताना अडखळले ते भाषेला. 'वारस' ऐवजी दोन ठिकाणी 'वारसा' लिहिलं होतं, तारीख एका जागी महिना आधी अशी होती, आणि पत्रात शाखेचं नावच नव्हतं. रक्कम आहे, खातं आहे, पण कुठल्या शाखेत ते कुठेच नाही!

आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे तो माणूस आईला म्हणाला, "काकू, पैसे हातात येईपर्यंत मुलींना सांगू नका, वाटणीचे वाद होतात. तुमचं हित बघून सांगतोय." माझी आई इतकी सरळ आहे की तिला ते खरंच काळजीपोटी वाटलं. ती मला सांगेपर्यंत चार दिवस गेले. पैसे भरले नव्हते, कारण तिला गूगल पे वापरता येत नाही आणि शेजारच्या मुलाला विचारायला संकोच वाटला.

---

गंगापूर_रोडवरून

वाचनखूण साठवली आहे. निधनवार्तेचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आता दशक्रियेच्या, पुण्यस्मरणाच्या पत्रिकांवर घरच्या बाईमाणसांचे नंबर टाकणं बंदच केलं पाहिजे.

काका, एक शंका. उद्गमवर नाव नोंदवताना मोबाईलवर ओटीपी येतो असं दिसतंय. आणि आपण तर सगळ्यांना सांगतो की ओटीपी कुठेही देऊ नका. मग आईला नेमकं काय सांगायचं?

---

गोदाकाठ

चांगला प्रश्न. फरक असा आहे की उद्गमवर आपण स्वतः पत्ता टाइप करून गेलो आहोत आणि तो आकडा आपणच त्या पानावर भरतो. तो तोंडी कुणालाही सांगायचा नसतो. दुसरं म्हणजे, ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायची सवय लावा. कशासाठी आहे ते त्यात लिहिलेलं असतं. ठग नोंदणीचा आहे म्हणून सांगतात आणि मेसेजमध्ये मात्र रक्कम वजा होणार असं असतं.

आणि दुवा कधीही दुसऱ्याने पाठवलेला उघडू नका. 'उद्गम' नाव शोधलं की त्याच्यासारखी दिसणारी पानंही येतात. एपीके नावाची फाईल डाउनलोड करा म्हणाले तर ती मुळीच उघडू नका. तिच्यामुळे मोबाईलवरचे मेसेज परस्पर दुसऱ्याकडे जातात. आपल्या देशातल्या बँकांना आता डॉट बँक डॉट इन असा शेवट असलेला पत्ता वापरणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे, तेही बघत चला.

सिडकोची_लेक, आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी चार दिवसांनी का होईना सांगितलं, ते फार चांगलं केलं. आणि आता बाबांच्या नावाने खरा शोध नक्की घ्या.

---

सीबीएसचा_वकील

जिल्हा न्यायालयात वकिली करतो. कायद्याच्या बाजूचं थोडं लिहितो, कारण या फसवणुकीत कायद्याचे शब्दच जास्त वापरले जातात.

पहिलं. भारतात आज वारसा कर नाही. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर पूर्वी संपदा शुल्क होतं, ते १९८५ साली रद्द झालं. त्यामुळे "रक्कम सोडवण्याआधी वारसा कर भरा" ही मागणी जन्मतःच खोटी आहे. तीच गत 'मनी लाँडरिंग मुक्तता प्रमाणपत्र', 'फेमा (परकीय चलन कायदा) क्लिअरन्स', 'जीएसटी आगाऊ' यांची. खऱ्या दाव्यात देय असलेला कर कापून उरलेली रक्कम खात्यात येते. आधी तुम्ही भरा, मग आम्ही देऊ, असा क्रम कुठल्याही बँकेत किंवा सरकारी कार्यालयात नसतो.

दुसरं, वारसा प्रमाणपत्राबद्दल. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र असो, की आपल्याकडे अजून चालणाऱ्या १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा वारस दाखला असो, दोन्ही न्यायालय देतं. अर्ज, शपथपत्र, बाकीच्या वारसांना नोटीस, जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, मग आदेश. कुणी "दोन दिवसांत प्रमाणपत्र व्हॉट्सॲपवर पाठवतो" म्हणाला तर त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, प्रिंटर आहे. कोर्टाचा आदेश खरा आहे का हे ई-कोर्ट्स संकेतस्थळावर प्रकरण क्रमांक टाकून घरबसल्या बघता येतं.

तिसरं, आणि हे घराघरात समजायला हवं. प्रत्येक दाव्याला कोर्टात जावं लागतंच असं नाही. बँक खात्याला नामनिर्देशन असेल तर नॉमिनीला दाव्याचा अर्ज, मृत्यू दाखला आणि ओळखपत्र एवढ्यावर रक्कम मिळते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये यासाठी सगळ्या बँकांना एकसारखे नियम घालून दिले. नॉमिनी नसेल तरी ठरावीक मर्यादेपर्यंत, म्हणजे सहकारी बँकांत ५ लाख आणि इतर बँकांत १५ लाख रुपयांपर्यंत, साधी पद्धत आहे. हमीपत्र, बाकीच्या वारसांचं ना हरकत वगैरे. कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. हे लोकांना माहीत नसतं, म्हणून "कोर्टकचेरीतून वाचवतो, एवढे द्या" म्हणणाऱ्याचं फावतं.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने रक्कम घेतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. इथे मला परक्या ठगांइतकीच घरातल्या फसवणुकीची चिंता वाटते. बहिणीला "बँकेच्या कागदावर सही हवी आहे" म्हणून बोलावतात आणि हक्कसोड पत्रावर सही घेतात. असे कागद माझ्या टेबलावर येतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. ताईंनो, सही करण्याआधी कागद घरी आणा, शेवटचं पान नव्हे तर पहिलं पान वाचा, आणि कोऱ्या मुद्रांकावर सख्ख्या भावासाठीसुद्धा सही करू नका.

---

निफाडकर

वकीलसाहेब, बहिणींबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडे जमिनीत हेच चालतं.

शहरातल्या लोकांना खात्यांचे फोन येतात, गावाकडे जमिनीचे. "तुमच्या आजोबांच्या नावावर अजून सातबारा आहे, महामार्गात गेलेल्या गटाचा मोबदला पडून आहे, आम्ही काढून देतो." सिन्नर, इगतपुरीकडे समृद्धीची जमीन गेली तेव्हापासून मोबदला या शब्दाला लोक लगेच कान देतात. आणि आता सिंहस्थ जवळ आल्याने नाशिकच्या आसपास गुंठ्याचे भाव असे वाढलेत की मोकळ्या पडलेल्या प्लॉटवर कुणाचा ना कुणाचा डोळा असतोच. मालक पुण्याला किंवा परदेशात, सातबाऱ्यावर वारलेल्या वडिलांचं नाव. अशा ठिकाणी तोतया माणूस उभा करून व्यवहार करणं ठगाला सोपं जातं.

उपाय सोपा आहे, पण आपण आळस करतो. वारस नोंद करून घ्या. कायद्याने ३ महिन्यांत कळवायचं असतं, पण आमच्याकडे पिढी उलटली तरी कुणी जात नाही. आता ई-हक्क प्रणालीवरून घरूनच अर्ज करता येतो. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार (नाव बदलाची नोंद) घेतात, नोटीस निघते, १५ दिवस हरकतीला असतात, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. २०२५ मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याचसाठी होती, मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायला. ज्यांचं तेव्हा राहून गेलं त्यांनी आता करावं.

माझी स्वतःची सवय सांगतो. द्राक्षाची छाटणी झाली की एकदा बसून आमचे सगळे गट महाभूलेखवर बघतो आणि 'आपली चावडी'वर आमच्या गावच्या फेरफाराच्या नोटिसा वाचतो. आपल्या गटावर आपल्याला न कळता फेरफार धरला गेला असेल तर तिथे दिसतो आणि मुदतीत हरकत घेता येते. शहरातल्या प्लॉटवाल्यांनी मालमत्ता पत्रक बघावं आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्या मिळकतीची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, काढावी. परदेशातल्या भाच्यांसाठी हे काम मीच करतो.

मोबदल्याचं म्हणाल तर, भूसंपादनाचा पैसा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन शाखेतून येतो. तिथे जाऊन गट नंबर सांगितला की समजतं. मध्ये दलाल लागत नाही.

---

जर्सीतून

मूळची नाशिकची, मेन रोडला बालपण गेलं. आता अमेरिकेत असते. इकडची बाजू लिहिते, कारण नाशिकमधल्या बऱ्याच घरांत परदेशाच्या नावाने मेल येतात.

त्यांचा साचा ठरलेला असतो. "लंडनमध्ये तुमच्याच आडनावाचे एक गृहस्थ वारले, वारस सापडत नाही, तुम्ही वारस म्हणून उभे राहा, रक्कम निम्मी निम्मी." आडनाव कुलकर्णी, पाटील, जाधव असं काहीतरी असतं, म्हणजे हजारो घरांत ते पत्र लागू पडतं. यात लक्षात घ्या, ते तुम्हाला खोटा वारस व्हायला सांगत असतात. म्हणजे नंतर पोलिसांकडे जायलाही माणूस घाबरतो, आणि ठगाला तेच हवं असतं.

खरी पद्धत अगदी वेगळी आहे. इंग्लंड-वेल्समध्ये बिनवारस मेलेल्याची मालमत्ता राजसत्तेकडे जाते आणि खऱ्या नातेवाइकाला नातं सिद्ध करून तिथल्या सरकारी विभागाकडे दावा करता येतो. आडनाव सारखं असून काही होत नाही, वंशावळ आणि जन्म-विवाहाचे दाखले लागतात. इथे अमेरिकेत प्रत्येक राज्याचं पडून राहिलेल्या मालमत्तेचं स्वतंत्र कार्यालय असतं. जुनं बँक खातं, शेवटचा पगार, घरभाड्याची अनामत, असं काहीही तिकडे जमा होतं. शोध आणि दावा दोन्ही फुकट. मिसिंगमनी डॉट कॉम या एकाच ठिकाणी बऱ्याच राज्यांचा शोध घेता येतो, आणि ते राज्यांच्या प्रशासकांच्या संघटनेने मान्य केलेलं आहे. शिकायला किंवा नोकरीला इकडे राहून परत गेलेल्यांनी आपलं नाव जरूर टाकून बघावं. माझ्या नवऱ्याची वीज कंपनीकडची अनामत तिथेच सापडली.

आणखी एक. कुणी "तुमच्या खात्यात रक्कम येऊ द्या, तुमचा हिस्सा ठेवून बाकीची पुढे पाठवा" म्हणालं तर हात जोडून सांगते, करू नका. तो बहुतेक दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचा पैसा असतो, आणि माग लागतो तो तुमच्या खात्याचा.

---

जुने_शेअर

सगळं पटलं, पण एक वेगळा मुद्दा. वडिलांचे कागदी शेअर होते, ऐंशीच्या दशकातले. मदत करणारे सल्लागार सगळेच लबाड असतात असं धाग्यावरून वाटेल. मी एका सल्लागाराकडून काम करून घेतलं आणि त्याने ते नीट केलं. ७ वर्षं लाभांश घेतला नाही की लाभांश आणि शेअर दोन्ही आयईपीएफकडे, म्हणजे सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, जातात. त्यानंतर सही जुळत नाही, नावात फरक, पत्ता जुना, असे इतके कागद लागतात की नोकरी सांभाळून मला झेपलं नसतं.

---

गोदाकाठ

तुमचं म्हणणं रास्त आहे. प्रामाणिक सल्लागार आहेत, आणि गुंतागुंतीच्या प्रकरणात त्यांची फी योग्यच आहे. मी ओळखायला दोन गोष्टी बघतो. तो माणूस आपण शोधला की त्याने आपल्याला गाठलं? आणि पैसे काम झाल्यावर घेणार की आधी? त्याचं कार्यालय असावं, करार लेखी असावा, टक्केवारी आणि ती कशावर हे त्यात लिहिलेलं असावं. रक्कम किंवा शेअर आपल्याच खात्यात, आपल्याच डीमॅटमध्ये यायला हवेत. त्याच्या नावाने सर्वाधिकाराचं कुलमुखत्यारपत्र मात्र कदापि देऊ नका.

आणि आधी एकदा स्वतः बघा. आयईपीएफच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो, आयईपीएफ-५ हा अर्ज भरायला सरकारी शुल्क नाही. म्युच्युअल फंडासाठी शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२५ मध्ये 'मित्र' ही सोय सुरू केली आहे. विम्याचं म्हणाल तर प्रत्येक कंपनीला दावा न केलेल्या रकमांचा शोध आपल्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. १० वर्षांनंतर ती रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते, पण तिथून पुढे २५ वर्षं मागता येते. "पॉलिसीचा बोनस अडकलाय" असे फोन विमा नियामकाच्या नावाने फार येतात. नियामक बोनस जाहीर करत नाही, पॉलिसी विकत नाही. ते स्वतःच तसं वारंवार छापतात.

---

देवळाली_कॅम्प

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांचे पैसे गेले. आधी थोडे मागितले, ते भरल्यावर "फाईल पुढे सरकली" म्हणून दुसरं शुल्क, मग तिसरं. प्रत्येक वेळी वाटायचं की आता थांबलो तर आधीचे फुकट जातील. शेवटी त्यांनी नकार दिला तेव्हा सूरच बदलला. "तुमच्यावर मनी लाँडरिंगचा गुन्हा आहे, व्हिडिओ कॉलवर बसा." त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही, लाजेमुळे. जेवण सुटलं तेव्हा काकूंनी खोदून विचारलं.

त्यानंतर परत एक फोन आला, "तुमचे गेलेले पैसे वसूल करून देतो, सायबर विभागातून बोलतोय." तोही त्याच टोळीतला असणार, नाहीतर त्याला कळलं कसं?

यातून मार्ग काय असतो? घरच्यांनी कसं वागावं?

---

सीबीएसचा_वकील

प्रथम हे की त्या गृहस्थांना कुणी बोल लावू नये. हे लोक सराईत असतात, दिवसभर हेच करतात.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा, कुठल्याही क्षणी. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वरही तक्रार करता येते. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता आली तर परत मिळायची आशा असते, म्हणून तासातासाला महत्त्व आहे. दिवस गेले असतील तरी तक्रार कराच. आपल्या बँकेला लेखी कळवा, पोच घ्या. व्यवहार क्रमांक, नंबर, पीडीएफ, चॅट यातलं काहीही पुसू नका. लाजेपोटी लोक चॅट डिलीट करतात आणि पुरावा जातो.

कायद्यात डिजिटल अटक असा प्रकारच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि तपासासाठी पैसे मागत नाहीत. वसुली करून देणाऱ्यांबद्दल तुमचा अंदाज बरोबर वाटतो. एकदा पैसे देणाऱ्याचा नंबर हे लोक पुढे विकतात.

---

देवळाली_कॅम्प

आभारी आहे. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जातो आणि शेजारी बसून तक्रार भरतो.

---

पंचवटीची_सून

सासूबाईंच्या ट्रंकेत सासऱ्यांची दोन पासबुकं सापडली. एक सहकारी बँकेचं, एक पतसंस्थेचं. उद्गमवर दोन्ही नावं दिसत नाहीत. म्हणजे पैसे गेले का? तेवढ्यात एकाने "पतसंस्थांचे पैसे रिझर्व्ह बँकेतून काढून देतो" असंही सांगितलंय.

---

गोदाकाठ

त्या माणसाला वाटेला लावा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येतच नाही, ती सहकार खात्याकडे नोंदलेली असते.

उद्गमवर नाव दिसलं नाही याचा अर्थ पैसे नाहीत असा नाही. दिसत नसेल तर एक तर ती बँक त्या ३० मध्ये नाही, किंवा खात्याला अजून १० वर्षं झालेली नाहीत. सहकारी बँकेसाठी तिच्या संकेतस्थळावरची दावा न केलेल्या ठेवींची यादी बघा. नावात वडिलांचं नाव मागेपुढे, आद्याक्षरं, इंग्रजी स्पेलिंग असं सगळं करून बघा. नाहीतर पासबुक आणि मृत्यू दाखला घेऊन सरळ शाखेत जा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर खाती नव्या बँकेकडे गेलेली असतात. पासबुकावरचा जुना खाते क्रमांक त्यांना शोधायला पुरतो, म्हणून ते पासबुक कुणाच्याही हाती देऊ नका. फक्त झेरॉक्स द्या.

पतसंस्था चालू असेल तर तिच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बंद असेल किंवा दाद देत नसेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात अर्ज करा. संस्थेवर अवसायक, म्हणजे ती गुंडाळण्यासाठीचा अधिकारी, नेमला असेल तर त्याचं नाव तिथेच कळेल, दावा त्याच्याकडे द्यायचा. खरं सांगायचं तर बुडालेल्या पतसंस्थेतली रक्कम मिळायला वेळ लागतो आणि पूर्ण मिळेल असं मी म्हणणार नाही. पण अर्जच केला नाही तर ठेवीदारांच्या यादीत नावही येणार नाही.

शाखेत जाताना सासूबाईंना सोबत घेऊन जा, दावा त्यांचा आहे. त्यांच्या आधार आणि पॅनवरचं नाव पासबुकातल्या नॉमिनीच्या नावाशी जुळतं का ते निघण्याआधी बघा. लग्नानंतरच्या नावामुळे तिथेच फाईल अडते. फरक असेल तर शपथपत्र करून घ्या.

---

पंचवटीची_सून

नाव जुळत नाही, माहेरचंच लागलंय. शपथपत्र कुठे करायचं?

---

सीबीएसचा_वकील

नोटरीकडे किंवा सेतू कार्यालयात होईल. पण आधी शाखेत त्यांचा नमुना आहे का ते विचारा. प्रत्येक बँकेचा मजकूर वेगळा असतो आणि आपण आपल्या मनाने केलेलं शपथपत्र परत करायला लावतात. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलाचं राजपत्र असेल तर त्याची साक्षांकित प्रत सोबत ठेवा.